हँडहेल्ड कन्सोलची स्क्रीन फिकी, अंधारी किंवा धूसर दिसतेय? पॅनेल बदलण्याआधी हे बघा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या कन्सोलला लागू होत असेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

काळा रंग काळा दिसतच नाही, राखाडी दिसतो, आणि सगळं चित्रच धुतल्यासारखं फिकं वाटतं. ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला तरी व्हरांड्यात बसून काही दिसत नाही. ब्राइटनेस आपोआप वर-खाली होतो, बहुतेक वेळा चार्जर काढला की लगेच. अक्षरं धूसर दिसतात, किंवा जुन्या गेममध्ये पात्र चालायला लागलं की जमिनीचे चौकोन थरथरल्यासारखे होतात. कॅमेरा जोरात फिरवला की प्रत्येक गोष्टीमागे शेपूट राहतं. एका कोपऱ्यात पिवळट छटा आहे, नाहीतर तेलाच्या थेंबासारखे रंगीत गोल दिसतात. रात्री ब्राइटनेस कमी करून खेळलं की डोळे दुखतात. आणि शेवटचं म्हणजे आवाज येतोय, बटणं चालतायत, पण चित्रच नाही.

मी फोंड्याला असतो, कन्सोल दुरुस्ती हा माझा संध्याकाळचा उद्योग, आणि म्हापशापासून काणकोणपर्यंतची माणसं स्विच, स्टीम डेक, अ‍ॅनबर्निक असलं काय काय घेऊन येतात. चवथीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून आलेली भाचरं असली की जरा जास्तच. वर दिलेली लक्षणं एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळी आहेत, पण येणारा माणूस एकच सांगतो, 'डिस्प्ले गेलाय, बदलून द्या'. आणि खरं सांगायचं तर पॅनेल खरोखर गेलेलं क्वचित असतं. कधी वर लावलेली काच, कधी एखादी सेटिंग, कधी गेम स्वतःच कमी रिझोल्यूशनवर चाललेला, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच वेळा ते पॅनेल कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हापासूनच तसं असतं. ते बदललं तर त्याच जातीचं दुसरं पॅनेल येणार, आणि पैसे जाऊन चित्र तेच राहणार. म्हणून हा क्रम. फुकटातलं आधी, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

सगळ्याच्या आधी: कन्सोल सपाट ओट्यावर ठेवा

कन्सोल बंद करा, कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर पाठीवर ठेवा आणि डोळे ओट्याच्या पातळीला आणून बाजूने बघा. मागचं कव्हर मधोमध फुगलंय का, स्क्रीनची एखादी कड उचलली गेलीय का, दोन भागांच्या जोडात फट पडलीय का. बॅटरी फुगली की ती आतून स्क्रीनला ढकलते, आणि तिथे पांढरट किंवा पिवळट डाग पडतो जो ब्राइटनेसने बदलत नाही. माणूस डाग घेऊन येतो, खरा आजार बॅटरीचा असतो. फुगवटा दिसला तर पुढचं काहीही करू नका. चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि नेईपर्यंत गादी-कपड्यांपासून लांब ठेवा. लिथियमची बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते, यात धाडस करण्यासारखं काही नाही.

गॉगल काढा, जागा बदला

ऐकायला साधं वाटतं पण आपल्याकडे हे वरचेवर होतं. दुचाकीवर फिरायला घेतलेले गॉगल बऱ्याचदा पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेचा उजेड आत सोडणारे, असतात, आणि एलसीडीतून येणारा उजेडही एकाच दिशेत पोलराइज्ड असतो. दोघांची दिशा आडवी पडली की स्क्रीन जवळजवळ काळी. गॉगल घालूनच कन्सोल हळूहळू उभा-आडवा फिरवा, एका कोनात एकदम उजळला तर दोष गॉगलचा.

तसंच उन्हाचं. स्टीम डेकची पहिली एलसीडी ४०० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आहे, खोलीत भरपूर, पण कळंगुटच्या वाळूवर एप्रिलच्या दुपारी ती हरणारच. ओलेड डेक (ज्याचे ठिपके स्वतःच पेटतात) साध्या चित्राला ६०० आणि एचडीआरला, म्हणजे उजळ-गडद फरक जास्त असलेल्या चित्राला, १००० निट्सपर्यंत जातो, तो सावलीत छान दिसतो, थेट उन्हात तोही दमतो. गंमत म्हणजे १९८९ च्या गेमबॉयला आत दिवाच नव्हता, तो बाहेरचाच उजेड परतवायचा, त्यामुळे भर उन्हात तो सगळ्यात चांगला दिसायचा आणि रात्री अंथरुणात काहीच दिसायचं नाही. शिवाय चार एए सेलवर तो तासन् तास चालायचा. स्क्रीनला उजेड दिला की बॅटरी खाणार, हे तेव्हापासून आजपर्यंत सुटलेलं नाही.

आणि ऊन हा नुसता बघण्याचा प्रश्न नाही. निन्टेन्डोने स्विच वापरायला ५ ते ३५ अंश तापमान सांगितलंय. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते कधीच ओलांडलं जातं.

स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर बघा

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची तपासणी हीच, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. जिथे चित्र वाईट दिसतंय तिथेच थांबून स्क्रीनशॉट घ्या. स्विचवर डाव्या जॉयकॉनवरचं चौकोनी बटण, स्टीम डेकवर स्टीम बटण धरून आर१. मग तो फोनवर पाठवा, स्विचवर क्यूआर कोडने जातो, आणि फोनच्या स्क्रीनवर मोठा करून बघा.

स्क्रीनशॉटसुद्धा धूसर असेल तर पॅनेल निर्दोष आहे, चित्र तयार होतानाच तसं होतंय, म्हणजे दोष गेमच्या रिझोल्यूशनचा किंवा सेटिंगचा. स्क्रीनशॉट स्वच्छ आहे पण कन्सोलवर तेच दृश्य फिकं आहे, तर दोष चित्र तयार झाल्यानंतरचा, म्हणजे वरची काच, डिस्प्लेची सेटिंग, रिबन (पॅनेलला बोर्डाशी जोडणारी चपटी केबल) किंवा पॅनेल. इथे एक खुबी लक्षात ठेवा, विंडोजची नाइट लाइट स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, त्यामुळे स्क्रीनशॉट पांढरा आणि स्क्रीन पिवळी असली तरी लगेच पॅनेलवर आळ घेऊ नका, आधी ती सेटिंग बघा.

घरात टीव्ही आणि कन्सोल त्याला जोडणारा डॉक असेल तर तेही करून बघा. टीव्हीवर रेषा नाहीत आणि हातातल्या स्क्रीनवर आहेत, म्हणजे चित्र बनवणारा बोर्ड ठीक आहे. टीव्हीवरही त्याच रेषा, तर मामला बोर्डाचा, आणि तो घरी सुटणारा नाही.

सेटिंग्ज, एकेक करून

ऑटो ब्राइटनेस पहिला बंद करा. कन्सोलच्या पुढच्या बाजूला उजेड मोजणारा एक बारीक सेन्सर असतो, आणि काळ्या किनारीचा प्रोटेक्टर जरासा सरकून बसला तर तो झाकला जातो. कन्सोलला वाटतं खोलीत अंधार आहे, तो ब्राइटनेस खाली आणतो, आणि तुम्हाला वाटतं बॅकलाइट मेला.

विंडोजवर चालणारे हँडहेल्ड, म्हणजे आरओजी अ‍ॅलाय वगैरे, यांच्याबाबत एक खास तक्रार येते. चार्जर लावला की चित्र मस्त, काढला की दोन सेकंदांत फिकं. याचं कारण बहुतेक वेळा एएमडीच्या सॉफ्टवेअरमधलं व्हॅरी-ब्राइट. ते बॅटरी वाचवायला बॅकलाइट कमी करतं आणि कमी झालेलं जाणवू नये म्हणून चित्राचा कॉन्ट्रास्ट बदलतं, आणि नेमकं तेच जाणवतं. बंद करा, बॅटरी थोडी कमी टिकेल, चित्र परत जागेवर येईल. विंडोजमध्येच एचडीआर चालू राहिलं असेल तर साधे गेम आणि डेस्कटॉप धुतल्यासारखे दिसू शकतात, तेही बंद करून बघा.

स्विचच्या ओलेड मॉडेलवर रंग भडक वाटत असतील तर सिस्टिम सेटिंगमध्ये रंगांची व्हिव्हिड ऐवजी स्टँडर्ड निवड आहे. स्टीम डेकवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रंगांचा जोर आणि रंगांची ऊब यांच्या पट्ट्या आहेत. एलसीडी डेकचे रंग मुळातच थोडे निस्तेज, लाल तर विटकरीकडे झुकलेला, तर पट्टी थोडी वर नेली की डोळ्याला बरं वाटतं. थोडीच न्या. पॅनेल जे रंग दाखवूच शकत नाही ते पट्टीने येत नाहीत, उलट उजळ भागातले बारकावे मात्र जातात.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि त्याच दृश्यावर बघा. चार बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

वरची काच काढून बघा

मोबाइलच्या दुकानातून काच लावून घ्यायची सवय आपल्याला सगळ्यांनाच आहे, आणि दुकानदार काय लावतो ते कोणी विचारत नाही. साखळीहून एक मुलगा त्याच्या बाबांबरोबर आला होता, साधी स्विच, ब्राइटनेस पूर्ण, तरी चित्र ढगाळ आणि बाजूने बघितलं तर काळंच. बाबा म्हणाले, 'पॅनेलचा दर सांगा, बदलून टाकू.' मी कोपऱ्यात नख घातलं तर नखाला एक कड लागली, आणि तिच्याखाली आणखी एक कड. वर प्रायव्हसी ग्लास, खाली आधीची जुनी मॅट फिल्म, आणि दोघांच्या मध्ये पावसाळ्यातली बुरशी, पांढऱ्या जाळीसारखी. दोन्ही काढल्या, मायक्रोफायबरने पुसलं, आणि स्क्रीन अगदी नव्यासारखी. काच परत न लावताच पाठवलं त्याला.

प्रायव्हसी ग्लास कन्सोलला लावूच नका, ती सरळ बघतानाही बराच उजेड गिळते. मॅट फिल्मने चकाकी कमी होते पण बारीक चमचमणारे कण दिसतात आणि अक्षरांची धार जाते, हा सौदा ज्याला उन्हात खेळायचंय त्याला परवडतो, बाकीच्यांना नाही. स्टीम डेकच्या ज्या मॉडेलला कारखान्यातूनच खरखरीत अँटी-ग्लेअर काच आहे तिच्यावर साधी टेम्पर्ड ग्लास चिकटवली तर ज्यासाठी जास्त पैसे दिले तोच गुण झाकला जातो. आणि यूव्ही दिव्याने वाळवतात ती पातळ गोंदाची काच कन्सोलला नकोच, तो गोंद कडेने स्पीकरच्या भोकात आणि बटणांत उतरतो.

एक इशारा. स्विचच्या ओलेड मॉडेलवर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. ती प्रोटेक्टर नाही, निन्टेन्डोनेच ती काढू नका म्हणून सांगितलंय. वरचा प्रोटेक्टर काढताना ती कड उचलली जात नाही ना ते बघा.

तेलाच्या थेंबासारखे रंगीत गोल दिसत असतील, खासकरून साध्या स्विचवर, तर तिथे वरची टच प्लेट आणि आतली एलसीडी यांच्यामध्ये हवेची फट असते, आणि प्लेट दाबली गेली की दोघी एकमेकींना टेकतात. घट्ट कव्हर आणि जाड काच काढून एक रात्र तसंच ठेवा, बऱ्याचदा गोल जातात. न गेले तरी तो दिसण्याचा दोष आहे, वाढणारा आजार नाही.

गेमच धूसर असेल तर

स्क्रीनशॉटही धूसर आला असेल तर इथे थांबून वाचा.

साध्या स्विचची स्क्रीन ६.२ इंच आणि १२८० बाय ७२०. २०२१ मध्ये आलेलं ओलेड मॉडेल ७ इंच, पण रिझोल्यूशन तेच ७२०. म्हणजे तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरले. रंग आणि काळा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण अक्षरांची धार वाढलेली नाही. त्यातून हातात धरून खेळताना बरेच मोठे गेम ७२० च्याही खाली जातात, वेग टिकवण्यासाठी. ते कुठल्याही पॅनेलने सुधारणार नाही.

विंडोज हँडहेल्डवर उलटी अडचण. अ‍ॅलायची स्क्रीन १९२० बाय १०८०, म्हणजे ७२० च्या सव्वादोन पट ठिपके, आणि तेवढे भरायला आतल्या चिपला दम लागतो, म्हणून लोक गेम ७२० वर आणतात. आता ७२० ला १०८० वर पसरवायचं म्हणजे दीडपट, एका ठिपक्याचे दीड ठिपके करता येत नाहीत, तर कडा मिसळतात आणि धूसर दिसतं. लिजन गो या दुसऱ्या विंडोज हँडहेल्डची स्क्रीन २५६० बाय १६००, तिथे गेम १२८० बाय ८०० वर ठेवा, बरोबर दुप्पट पडते, एकाचे चार ठिपके, कडा स्वच्छ. १०८० च्या स्क्रीनवर मात्र गेममधलं एफएसआरसारखं अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र हुशारीने मोठं करणारी सेटिंग, वापरलेलं बरं.

जुन्या गेमचे चौकोन थरथरतात तेही हेच गणित. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र २४० बाय १६०. अ‍ॅनबर्निक आरजी३५एक्सएक्स किंवा मियू मिनीची स्क्रीन ६४० बाय ४८०. रुंदीला भागून बघा, दोन पूर्णांक दोन तृतीयांश येतात. मग काही ठिपके दोन रुंदीचे आणि काही तीन, आणि चित्र सरकलं की ते जागा बदलतात, तीच ती थरथर. इंटिजर स्केलिंग चालू करा, चित्र दुप्पट म्हणजे ४८० बाय ३२० होईल, चारी बाजूंना काळी किनार येईल, पण प्रत्येक चौकोन सारखा दिसेल. किनार नको असेल तर ठिपके थोडे मिसळणारा शेडर, म्हणजे चित्रावर चढवायचा फिल्टर, लावा. आरजी३४एक्सएक्सची ७२० बाय ४८० ची स्क्रीन नेमकी याच्या तिप्पट आहे, म्हणूनच ती त्या गेमसाठी इतकी नेटकी दिसते.

त्याच गेमचे रंग डोळ्यांत खुपतात अशीही तक्रार येते. २००१ च्या त्या कन्सोलला आत दिवा नव्हता, स्क्रीन अंधारी होती, म्हणून गेम बनवणारे रंग मुद्दाम भडक ठेवायचे. आजच्या उजळ पॅनेलवर ते भडकच दिसणार. जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एम्युलेटरमध्ये, कलर करेक्शन असतं, ते चालू केलं की झालं.

झटके बसत असतील तर गेम सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) बनवतो आणि स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते (रिफ्रेश, हर्ट्झमध्ये) यांचा मेळ बघा. ४० फ्रेमचा गेम ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद दाखवतो आणि पुढची ३३.३, डोळ्याला ते अडखळल्यासारखं वाटतं. एलसीडी डेकवर स्क्रीनच ४० हर्ट्झवर आणता येते, मग प्रत्येक फ्रेम २५ मिलिसेकंद, आणि तोच गेम लोण्यासारखा चालतो, वर बॅटरीही वाचते.

तुमचं पॅनेल मुळातच तसं आहे का

इथपर्यंत सगळं करून झालं तरी फिकं वाटत असेल तर पॅनेलची जात समजून घ्या, कारण इथेच लोक फुकटचे पैसे घालवतात.

एलसीडीत मागे दिवा कायम पेटलेला असतो आणि पुढे त्याला अडवणारे ठिपके. अंधाऱ्या खोलीत काळं दृश्य आलं की थोडा उजेड पाझरतोच, कडेला जास्त. तो दोष नाही, तो एलसीडीचा स्वभाव. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळा असेल तिथे चक्क विझतो, म्हणून काळा खरा काळा. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बऱ्याच ओलेड स्क्रीन ब्राइटनेस कमी करायला खूप वेगाने लुकलुकतात, आणि काहींना त्यानेच डोकेदुखी होते. फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून स्क्रीन बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर कारण कळलं. खोलीत दिवा लावून ब्राइटनेस वर ठेवला की बहुतेकांचा त्रास कमी होतो. दुसरं म्हणजे एकाच गेमची आयुष्याची पट्टी रोज तासन् तास एकाच जागी राहिली तर तिची छाया कायमची उमटू शकते. पूर्ण स्क्रीनभर राखाडी रंग लावून बघा, छाया दिसली तर तिला इलाज नाही. एलसीडीवर तशी छाया दिसली तर ती बहुतेक बंद करून ठेवल्यावर विरते.

कंपन्या दरवेळी काहीतरी देऊन काहीतरी घेतातच. सोनीच्या पीएसपी ३००० ला २००८ मध्ये रंग सुधारले पण हालचालीत आडव्या बारीक रेषा दिसायला लागल्या. व्हिटा २०११ मध्ये ओलेड घेऊन आला, गडद दृश्यांत त्यावर डाग डाग दिसायचे, २०१३ च्या सडपातळ मॉडेलला एलसीडी दिली, डाग गेले आणि काळाही गेला. २०२५ ची स्विच २ घ्या, ७.९ इंच, १०८०, १२० हर्ट्झ, सगळं कागदावर मोठं, पण एलसीडीचे ठिपके रंग बदलायला संथ, म्हणून कॅमेरा फिरला की शेपूट दिसतं. ते शेपूट घेऊन माझ्याकडे येऊ नका, ते प्रत्येक स्विच २ ला कमी-जास्त आहेच. तुमच्याच मॉडेलचा दुसरा कन्सोल मित्राकडे असेल तर दोन्ही शेजारी ठेवून तोच गेम लावा. सारखेच दिसले तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पावसाळ्याची तपासणी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले बूटसुद्धा बुरसतात, तिथे कन्सोल कसा सुटेल. खूण अशी, सकाळी स्क्रीनच्या आत धुकट पट्टा दिसतो, थोडा वेळ खेळून कन्सोल गरम झाला की जातो. हवेची फट असलेल्या साध्या स्विचवर जास्त. एसीच्या खोलीतून थंडगार कन्सोल एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेच्या आत-बाहेर पाणी धरतं. तो पिशवीतच चेन लावून ठेवा, बाहेरच्या तापमानाला आला की मग काढा.

आत धुकं असेल तर पूर्ण बंद करा, स्लीप नाही, बंद. घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर दोन दिवस ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, ओलावा पिऊन झाला की रंगावरून कळतं आणि गरम करून परत वापरता येतं. तांदळात पुरू नका, त्याची पिठी पोर्टमध्ये आणि बटणांत जाते. हेअर ड्रायर नको, ऊनही नको.

जुन्या गेमबॉयवर काळपट-तपकिरी चट्टे असतील आणि उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर स्क्रीनवरची पोलरायझरची (उजेड एका दिशेत गाळणारी) फिल्म कुजली आहे. फिल्म बदलता येते आणि मूळ स्क्रीन वाचते, त्यामुळे कोणी सरळ नवीन आयपीएस किट, म्हणजे आधुनिक उजेडाची एलसीडी, टाकू म्हटलं तर आधी हे विचारा.

रिबन, ज्याचा हात बसलाय त्यानेच

कन्सोल पडला आणि तेव्हापासून चित्र मधूनमधून जातं, किंवा हलकेच कोन बदलला की परत येतं, तर रिबन सैल झाल्याची शक्यता चांगली असते. खारी दमट हवा खाऊन तिच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो तोही एक प्रकार, किनाऱ्याजवळच्या घरांतून जास्त येतो.

वॉरंटी असेल तर उघडू नका. आरओजी अ‍ॅलाय भारतात अधिकृत विकला जातो, त्याचं काम कंपनीकडेच द्या. स्विच आणि डेक आपल्याकडे बहुतेक बाहेरून आणलेले असतात, बिल सांभाळा, आणणाऱ्याला विचारा, मगच हात लावा.

उघडायचंच असेल तर बॅटरी पाव भागाच्या खाली उतरवा, पूर्ण बंद करा, आणि एसडी कार्ड आधी काढा. डेकमध्ये कार्ड आत ठेवून पाठ उचलली तर कार्ड मधोमध तुटतं, हे वारंवार घडतं. स्विचला तीन पात्यांचा ट्राय-विंग ड्रायव्हर लागतो, साध्या फिलिप्सने स्क्रूची डोकी घासून टाकू नका. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं, दुसरं काहीही नंतर. मग रिबनचं बारीक झाकण प्लॅस्टिकच्या टोकाने वर करा, रिबन ओढू नका, झाकण उठलं की ती स्वतः सुटते. ९९ टक्के आयसोप्रोपिलमध्ये कापसाची काडी भिजवून टोकं पुसा, पूर्ण वाळू द्या, सरळ बसवा, झाकण लावा. स्विचमध्ये आतली पत्र्याची ढाल काढली तर परत लावताना थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागते, ती हाताशी नसेल तर त्या दिवशी उघडूच नका.

इथे थांबा

आवाज येतोय आणि चित्र नाही अशा एलसीडी कन्सोलवर अंधारात टॉर्च तिरपा मारून बघा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, बॅकलाइट गेलाय, आणि तो दोष बोर्डावरच्या फ्यूज किंवा ड्रायव्हर चिपचाही असू शकतो. ते सूक्ष्मदर्शकाखालचं सोल्डरिंग आहे, घरच्या सोल्डरने करू नका. दुरुस्तीवाल्याला टॉर्चची गोष्ट नक्की सांगा, नाहीतर तो आधी पॅनेल बदलेल.

पॅनेलवर कायमची उभी किंवा आडवी रेष असेल आणि रिबन बसवूनही ती गेली नाही, आत पाणी किंवा शहाळं सांडलं असेल, जळका वास आला असेल, ओलेड काच तडकली असेल, तर थांबा. डेकची स्क्रीन उष्णता देऊन गोंदातून सोडवावी लागते, पहिल्याच प्रयत्नात ती फुटण्याची शक्यता जास्त.

दुकानात देताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. साध्या स्विचमध्ये वरची टच प्लेट आणि आतली एलसीडी वेगळ्या सुट्या मिळतात, म्हणजे नुसती वरची प्लेट तडकली असेल तर तेवढीच बदलायला सांगा, ओलेड मॉडेलमध्ये मात्र दोन्ही एकजीव असतात. बदली पॅनेल दुसऱ्या कन्सोलमधून काढलेलं मूळ आहे की नक्कल, ते बोलून घ्या, नकलेत रंग आणि ब्राइटनेस दोन्ही कमी पडतात. आणि गोंद लावायच्या आधी पॅनेल जोडून चालू करून दाखवायला सांगा. पांढरा, काळा, राखाडी आणि लाल असे चार पूर्ण रंग लावून बघा, चारी कोपऱ्यांत टच चालतोय का बघा, ऑटो ब्राइटनेस चालू करून सेन्सरवर बोट ठेवा आणि उजेड बदलतो का ते बघा, जुनं पॅनेल परत मागून घ्या, आणि पैसे त्यानंतर द्या.